सेडान विकून फोर-बाय-फोर घ्यावी का? ठाण्यातल्या माणसाचा हिशेब

ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत सध्या असा एक जण सापडतोच. सात-आठ वर्षं सिटी, व्हर्ना नाहीतर सियाझ चालवून झालेली असते, हप्ते फिटलेले असतात आणि घोडबंदर रोडला शेजारून थार गेली की मान आपोआप वळते. बायको विचारते, "आहे ती काय वाईट आहे?" आणि याच्याकडे धड उत्तर नसतं. हे लिखाण त्याच्यासाठी.

आमच्याकडे दोन्ही गाड्या आहेत. माझी सेडान, आणि त्याच इमारतीत राहणाऱ्या धाकट्या भावाची तीन दारांची फोर-बाय-फोर, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद देता येते अशी गाडी. गावाला जाताना, लग्नकार्याला, कधी नुसतं सामान आणायला किल्ल्यांची अदलाबदल चालूच असते, त्यामुळे दोन्ही गाड्यांवर माया आहे आणि दोन्हींवर रागही. आकड्यांच्या सोयीसाठी सेडानच्या बाजूने होंडा सिटी धरतो आणि समोर महिंद्रा थार, मारुती जिमनी, फोर्स गुरखा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा निर्णय रविवारच्या भटकंतीवर घेऊ नका. मागच्या सीटवर कोण बसतं, रात्री गाडी कुठे उभी राहते आणि डांबर सोडून तुम्ही खरोखर कुठे जाता, या तीन प्रश्नांवर घ्या. यातले पहिले दोन प्रश्न शोरूममध्ये कोणी विचारत नाही.

मागे कोण बसणार?

सेडानमध्ये आई नुसती बसते. भावाच्या गाडीत चढणं हा कार्यक्रम असतो. आधी पुढच्या डाव्या सीटवरचा माणूस उतरतो, सीट पाडून पुढे लोटतो. मग आई एका हाताने दारावरची मूठ धरते, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवते, निऱ्या आवरून पायदानावर पाय देते आणि कमरेत वाकून आत सरकते. तिच्या बाजूची काच उघडत नाही. उतरताना हेच सगळं उलट्या क्रमाने. "तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते," हे तिचं आता ठरलेलं वाक्य. त्यात कुरकुर अजिबात नसते. तिने ती गाडी केव्हाच निकालात काढली आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली ती नेमकी या दुखण्यावरचा उपाय म्हणून. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,४५० मिमी, रॉक्सचा २,८५०. मागे माणसासारखं बसता येतं, शिवाय भारत एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे आहेत. पण पाऊल उचलायची उंची काही कमी झालेली नाही. घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कोणी असेल तर आधी त्यांना चढवून-उतरवून बघा आणि मगच बाकीची चर्चा करा. जिमनी त्या मानाने बुटकी, चढायला सोपी. भारतात ती पाच दारांत मिळते, पण माणसं चारच, आणि मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची. सिटीची ५०६. गणपतीला चौघं जण, चार बॅगा, मखराचं सामान आणि येताना तांदूळ-नारळ असा ज्यांचा प्रवास असतो, त्यांनी हे दोन आकडे लिहून ठेवावेत.

खड्ड्यांत कोण जिंकतं?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. "खड्डे इतके आहेत की जीपच घ्यायला हवी," हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं. गाडीच्या बाजूने बघाल तर खरं आहे, अंगाच्या बाजूने बघाल तर अर्धंच.

सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी, जिमनीचा २१०, थारचा २२६, गुरखाचा २३३. सेडानचं पोट स्पीडब्रेकरला घासतं तेव्हा होणारी जिवाची घालमेल या गाड्यांत पूर्ण संपते. सिटीचा टायर १८५/५५ आर १६, म्हणजे खड्ड्याची कडा आणि रिम यांच्यामध्ये रबराची जेमतेम दहा सेंटीमीटर उंची. थारचा २५५/६५ आर १८, तिथे हीच उंची साडेसोळा सेंटीमीटरच्या पुढे. रिम वाकणं, टायरच्या बाजूला फुगा येणं हे प्रकार खूपच कमी होतात. मेट्रोच्या कामाने उखडलेल्या पट्ट्यातून भाऊ बिनधास्त जातो. मी मात्र दुचाकीवाल्यासारखा नागमोडी.

पण आत बसलेल्याचं काय? या गाड्यांची बॉडी वेगळ्या लोखंडी चौकटीवर बसवलेली असते आणि मागची दोन्ही चाकं एकाच जड आडव्या अॅक्सलवर. (जिमनीला तर पुढेही तसाच.) डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही त्याची खबर लागते. व्हीलबेस आखूड असेल तर गाडी पुढे-मागे डुलते, उंच असल्यामुळे डावी-उजवीकडेही हलते. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, धक्का येणार हे त्याला आधी कळतं. मागच्याला कळत नाही, त्याचं डोकं काचेला लागतं. गायमुखच्या घाटात माझी पुतणी सेडानमध्ये झोपते. काकाची गाडी हवी, असं ती स्वतःहून सांगते.

हायवेवर तर स्पर्धाच नाही. नाशिक हायवेला किंवा पनवेलच्या पुढे शंभरच्या वेगात सेडान शांत असते. चौकोनी गाडीला वारा अडतो, आवाज वाढतो, लेन बदलताना अंग हलतं. सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छत असेल तर पावसात फोनवर बोलायचा नाद सोडा. स्टिअरिंगही तेवढं चपळ नाही, आणि माती-दगडांसाठीचे ऑल-टेरेन टायर ओल्या डांबरावर साध्या टायरइतके घट्ट धरत नाहीत. मागे ट्रक असताना समोरचा अचानक थांबला, की हे आठवतं.

पार्किंग, म्हणजे खरी परीक्षा

घोडबंदर पट्ट्यात, कोलशेतला, ढोकाळीला अनेक टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे गाड्या पाळण्यासारख्या एकावर एक उचलून ठेवतात. जुन्या स्टॅकमध्ये पॅलेटवर (गाडी ज्यावर उभी राहते त्या पत्र्यावर) साधारण साडेपंधराशे ते सोळाशे मिलीमीटर उंचीची गाडी मावते. सिटीची उंची दीड हजाराच्या किंचित खाली. जिमनी १,७२०. थार साधारण १,८५०. गुरखा २,०८० च्या आसपास, म्हणजे काही मॉलच्या बेसमेंटमधल्या लटकत्या पट्टीखालूनही मान झुकवून जावं लागेल, आणि गाडीला मान नसते. वजनाचंही तसंच: सेडान अकराशे किलोच्या आसपास, फोर-बाय-फोर थार पावणेदोन टनांच्या घरात. पॅलेटवर लिहिलेली मर्यादा वाचा, नसेल तर सेक्रेटरीकडून ऑपरेटरचा कागद मागा.

भावाने गाडी आणली त्या दिवशी आमच्या वॉचमनने लांबूनच हात हलवला, "दादा, ही पाळण्यात नाही बसणार." शेवटी खालच्या मोकळ्या जागेसाठी एका शेजाऱ्यांशी अदलाबदल केली. तीही भिंतीला लागून आहे. या गाड्यांची स्टेपनी मागे टांगलेली असते आणि मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळे भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली की दारच उघडत नाही. भाजीच्या पिशव्या काढायच्या तर गाडी आधी पुढे घ्या. रुंदीने मात्र जिमनी वाचवते. ती १,६४५ मिमी, थार १,८२०. नौपाड्यातल्या जुन्या गल्लीत राहणाऱ्याला हा फरक रोज सकाळी जाणवेल.

फोर-बाय-फोर नक्की कधी लागतं?

थार, जिमनी आणि गुरखा यांची फोर-व्हील-ड्राइव्ह 'पार्ट-टाइम' जातीची आहे. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये मधलं डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती-चिखलात ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या डांबरावर घसरता येत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि ताकद दोन्ही अॅक्सलना वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. म्हणून डांबरावर ती मागच्या दोन चाकांवरच चालवायची. थोडक्यात, कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत तुमची फोर-बाय-फोर नुसती नावाला.

तिचं खरं काम मी गावी बघतो. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डांबर संपल्यावर जांभ्याच्या चढावर. पावसात त्या चढावर शेवाळ धरतं, मधल्या ओहोळापाशी लाल चिखल होतो. सेडान खाली देवळापाशी लावायची आणि सिलिंडर खांद्यावरून न्यायचा, ही जुनी रीत. भावाची गाडी थांबवून लीव्हर फोर-लोमध्ये (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त) टाकायचा, पहिला गिअर, क्लच सोडायचा आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यायचा. डिझेल इंजिन त्याच गुरगुरत्या आवाजात, माणसाच्या चालीने, सिलिंडर-पोत्यांसकट वर चढतं. ओहोळात एक चाक अधांतरी होतं, क्षणभर फिरतं आणि पुन्हा पकड येते. हे बघितलं की वरचे सगळे आक्षेप पाच मिनिटं विसरायला होतात.

अधांतरी चाकाचा बंदोबस्त प्रत्येक गाडीत वेगळा. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक (अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं), थारच्या काही प्रकारांत मागे मेकॅनिकल लॉक, तर जिमनी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते. आणि जिमनी थारपेक्षा पाचशे किलोंच्या आसपास हलकी असल्याने मऊ चिखलात कमी रुतते.

पण अशी गावची वाट किंवा शेत नसेल तर? पाचनई, रतनवाडी, खिरेश्वर, ट्रेकच्या अशा पायथ्यांपर्यंत डांबर पोचलं आहे. जपून नेली तर सेडानही जाते. येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे चिखल उडवायला परवानगी नाही. अलिबाग-मुरुडच्या वाळूत गाडी घालायची हौस असणाऱ्यांना माझ्याकडे सल्ला नाही, भरतीच्या वेळा त्यांनीच बघाव्यात.

पावसाच्या पाण्याबद्दल थोडं. वंदना सिनेमापाशी पाणी भरलं की सेडानवाला घरीच बसतो, तेच बरोबर. थारची पाण्यात जायची मर्यादा ६५० मिमी, गुरखाची ७०० आणि तिला इंजिनासाठी वरून हवा घेणारी नळी, स्नॉर्कलही. हा आकडा सावकाश जाण्यासाठीचा आहे. पाण्याखाली उघडं मॅनहोल आहे की नाही, ते तो सांगत नाही. गाडी कोणतीही असो, विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्या.

पैसे

मोठी तफावत छोट्या ओळींत लपलेली असते. थर्ड-पार्टी विमा इंजिनच्या आकारावर ठरतो: २०२२ च्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७. सिटी आणि जिमनी खालच्या गटात, २.० पेट्रोल आणि २.२ डिझेल थार वरच्या. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, डिझेलला १४. जीएसटीत २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतची डिझेल १८ टक्क्यांत आली. बाकी सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० मध्ये. जिमनी चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, म्हणून तीही ४० मध्येच.

१८ टक्क्यांत बसणारी थार आहे, दीड लिटर डिझेलची. ती फक्त मागच्या चाकांवर चालते. तिच्याबद्दल माझं मत कडक आहे: चढ-उतार, धक्के, पार्किंग, सगळे त्रास तेच, आणि ज्यासाठी ते सोसायचे तेच नाही. दिसण्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण मग घरी तसंच सांगा.

इंधनाचं म्हणाल तर सिटी ऑटोमॅटिकचा कंपनीचा आकडा १८.४, जिमनी मॅन्युअलचा १६.९४. मानपाड्याच्या संध्याकाळच्या गर्दीत दोन्ही त्याच्या जवळपास फिरकत नाहीत, आणि पेट्रोल ऑटोमॅटिक थार त्याच गर्दीत एक आकडी अॅव्हरेज देते. डिझेल घ्याल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लक्षात ठेवा. घर ते तीन हात नाका एवढंच रोजचं रखडत जाणं असेल तर फिल्टरमध्ये काजळी साठते, ती जाळायला अधूनमधून हायवेला सलग पळवावी लागते. स्टेशनपर्यंतच गाडी नेणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

गाडी घेतल्यावर बुलबार (बंपरपुढची लोखंडी दांड्यांची चौकट) लावायचा मोह होतो. त्याला २०१७ पासून बंदी आहे.

मग घ्यायची कोणी?

गावी कच्ची वाट, शेत किंवा शहापूर-मुरबाडकडे जमीन आहे, घरात दुसरी गाडी आहे आणि पार्किंग मोकळं आहे: घ्या. एकट्यादुकट्याला जिमनी, कुटुंबाला डिझेलची फोर-बाय-फोर रॉक्स. गुरखा फक्त ज्याला लॉक कधी लावायचे ते कळतं त्याने.

एकच गाडी, मागे आई-वडील किंवा लहान मूल, आणि वर्षातून दोन-तीनदा कोकण: सेडान ठेवा. फक्त खड्ड्यांचा आणि घासणाऱ्या पोटाचा वैताग असेल तर २०० मिमीच्या आसपास क्लिअरन्स असलेली साधी मोनोकॉक एसयूव्ही (वेगळी चौकट नसलेली, सेडानसारख्याच एकसंध बॉडीची) ते काम करते. चारही चाकं हवीतच असतील तर ग्रँड विटाराचा ऑलग्रिप प्रकार बघा. फोर-लोसारखी लो रेंज नाही, पण ओल्या गवताच्या चढाला पुरतो, आणि आई रिक्षा शोधत नाही.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर एक फेरी मारून आणतो. त्याला सांगा, आम्हाला गाडी अर्धा तास हवी. त्यातली निम्मी वेळ तुम्ही मागे बसा आणि गाडी बायकोला चालवू द्या. परत येताना ती थेट सोसायटीत आणून तुमच्या स्वतःच्या जागेवर लावून बघा, मागचं दार उघडून.