एका रेषालेखावर तीन तारखा : पॉवर बीआय हंगामभर वापरल्यानंतर

देवगड तालुक्यातील आमच्या हापूसच्या बागेचा हिशेब एक्सेलमध्ये लिहिला जातो. मोहोर आल्यापासून पावसाळ्यात शेवटची पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) मिळेपर्यंत त्याच नोंदी मी पॉवर बीआय डेस्कटॉप या आकड्यांचे आलेख काढणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहत आलो आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एक लॉट, म्हणजे एकत्र काढलेल्या मालाचा गट असून तिच्यात पेट्यांची संख्या आणि तीन तारखा असतात : काढणीची, वाशीच्या घाऊक बाजारात माल रवाना झाल्याची आणि दलालाकडून पैसे जमा झाल्याची. या तिन्ही गोष्टी एकाच रेषालेखावर दिसाव्यात, एवढीच माझी अपेक्षा होती.

रेषालेखाच्या आडव्या अक्षावर तारखेचा रकाना एकच बसतो, ही खरी अडचण आहे. तेथे काढणीची तारीख ठेवली, तर रवाना झालेल्या आणि पैसे मिळालेल्या पेट्याही काढणीच्याच दिवशी मोजल्या जातात. त्यासाठी दिनदर्शिकेचे स्वतंत्र कोष्टक तयार करून तिन्ही तारखा त्याला जोडाव्या लागतात. दोन कोष्टकांमध्ये एका वेळी एकच जोड, म्हणजे ‘संबंध’, सक्रिय राहू शकतो. कोष्टकांच्या आकृतीत तो सलग रेषेने दिसतो आणि उरलेले दोन तुटक रेषेने. मग प्रत्येक तारखेसाठी वेगळे मेझर (बेरजेसारखे गणित करणारे सूत्र) लिहायचे आणि निष्क्रिय संबंध ‘कॅल्क्युलेट’ या फलनाच्या आत ‘युजरिलेशनशिप’ हे फलन वापरून तेवढ्यापुरता जागा करायचा. अक्षावर मात्र दिनदर्शिकेतीलच तारीख घ्यायची. बँकेच्या उताऱ्यातून आलेल्या तारखेला वेळ चिकटलेली असेल, तर ती दिनदर्शिकेशी जुळत नाही आणि रेषा रिकामी दिसते. म्हणून पॉवर क्वेरीमध्येच (नोंदी आत घेताना त्या साफ करण्याच्या भागात) रकान्याचा प्रकार निव्वळ ‘तारीख’ करून घेणे बरे.

तिन्ही तारखांचे रकाने उलगडून एका लॉटच्या तीन ओळी करण्याचा मार्गही आहे. तो सोपा आहे, परंतु घटनेचा प्रकार न निवडता बेरीज केली, तर पेट्या तिप्पट दिसतात. ज्या फाइलमध्ये घरातील इतरही डोकावतात, तिच्यासाठी तो मला पसंत नाही.

रोजच्या आकड्यांच्या तीन रेषा एकत्र आल्या की लेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. हंगामाच्या आरंभापासूनची चढती बेरीज काढली, तेव्हा मात्र हा लेख रोज उघडून पाहावासा वाटू लागला. कोणत्याही दिवशी काढणीच्या आणि रवानगीच्या रेषांमधील उभे अंतर म्हणजे आढीत (पिकवण्यासाठी रचलेल्या आंब्यांत) किंवा पॅकिंगच्या खोलीत असलेल्या पेट्या, तर रवानगीच्या आणि पैशांच्या रेषांमधील उभे अंतर म्हणजे ज्यांचे पैसे यायचे आहेत अशा पेट्या. आडवे अंतर साधारणपणे किती दिवस लागतात ते सांगते; मात्र लॉट क्रमाने पुढे सरकत नसतील, तर ते अचूक समजू नये. एप्रिलमध्ये उन्हाचा तडाखा वाढून काढणीची रेषा एकदम उभी चढते, तेव्हा रवानगीची रेषा किती मागे पडते हे पाहून गाडी कधी सांगायची ते ठरवता येते. (पैशांची रेषा आपल्या मर्जीने चढते, तिच्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.)

आपल्या हंगामाच्या मधोमध 31 मार्च येतो, ही बाब बाहेरच्या तयार नमुन्यांत सहसा धरलेली नसते. आर्थिक वर्षाची गाळणी (फिल्टर) लावली, तर मार्चमध्ये रवाना झालेला माल एका वर्षात आणि त्याचेच पैसे दुसऱ्या वर्षात जाऊ शकतात. शिवाय दिनदर्शिकेवर ‘मार्च’ निवडल्यास प्रत्येक मेझर आपापल्या तारखेने गाळले जाते, त्यामुळे त्या महिन्यात रवाना झालेल्या आणि पैसे मिळालेल्या पेट्या एकच असतील असे नाही. त्याच पेट्यांचा माग हवा असेल, तर लॉटच्या कोष्टकातच ‘हंगाम’ असा रकाना ठेवून त्यावर गाळणी लावावी. एका लॉटचे पैसे हप्त्यांनी येत असतील, तर तारखेचा एक रकाना पुरत नाही. जमा रकमांचे वेगळे कोष्टक करून ते त्याच दिनदर्शिकेला जोडावे लागते.

डेस्कटॉप आवृत्ती मोफत आहे, परंतु ती विंडोजवरच चालते. इतरांना वेब सेवेवरून अहवाल दाखवायचा असल्यास सहसा सशुल्क परवाना लागतो. मी पीडीएफ काढून घरच्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो. तिच्यात रेषेवर बोट ठेवून आकडा पाहण्याची सोय नसल्याने तिन्ही रेषांच्या टोकांशी त्या दिवशीची बेरीज छापून घेतो.