मोठ्या टायपाचं पवित्र शास्त्र: एका हाताने वाचणाऱ्याचा अभिप्राय

नगरच्या छापखान्यांत मी 38 वर्षं काढली. आधी जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे (सुटी अक्षरं) जुळवायचो; खिळ्यांचे दिवस सरल्यावर बाइंडिंगला बसलो. त्यामुळे पुस्तक हातात आलं की आधी उघडत नाही, पाठ बघतो. मोठ्या टायपाचं हे मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मुलीने गेल्या नाताळात आणून दिलं, बाराशेच्या आसपास पडलं म्हणाली. पाठ बघितली आणि तोंड वाकडं झालं. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले आहेत, पण पाठीला सरस लावताना हात आखडलाय. चौथ्या महिन्यात उत्पत्तीचा पहिला फर्मा सुटलाच. खळ करून मीच चिकटवला. ज्याला हे जमत नाही त्याने काय करायचं?

टाइप मात्र झकास. काना-मात्रा मोकळे, रफार शेजारच्या ओळीत घुसत नाही, अनुस्वार ठळक. साखरेने डोळ्याचा पडदा गेलेल्या माणसाला अनुस्वार दिसणं ही चैन आहे.

माझं वाचन आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, डायलिसिसच्या खुर्चीत. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेली शीर, त्यात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. मांडीवर उशी, उशीवर पुस्तक, आणि उजव्या हाताने पानं उलटायची. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा, एकाच्या जागी तीन पानं जातात. बँकेतला कॅशियर नोटा मोजताना बोटात घालतो ती रबरी टोपी आणली, तेव्हा कुठे जमायला लागलं. चेनचं कव्हर एका हाताने उघडत नाही, ते काढूनच टाकलं. आणि वजन! एकदा पिशवी खांद्याला तशीच ठेवून काट्यावर उभा राहिलो. टेक्निशियन पोरगी ओरडली, "काका, दोन किलो वाढलंय, किती पाणी प्यालात?" म्हटलं, बाई, पाणी नाही, जुना करार आहे.

आता मजकुराचं. त्याला स्टार देणारा मी कोण, पण दुखणेकऱ्यासाठी हे घ्यावं का असं विचाराल तर काय वाचायचं तेही सांगायला हवं. भेटायला येणारे 23 वं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ', काढून देतात. चांगलंच आहे, पाठही आहे. मी 88 वं काढतो. बाकीची बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटाला कुठेतरी वळतात, देवाची स्तुती करतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. कुणीतरी ते तसंच शास्त्रात राहू दिलं, खाली दोन गोड ओळी जोडल्या नाहीत, याचा मला फार आधार वाटतो. आणि ज्याला मी प्रभू म्हणतो तो क्रुसावर 22 वं स्तोत्र ओरडला, माझ्या देवा, मला का सोडलंस म्हणून. मग खुर्चीत बसून मी तेच म्हटलं तर माझा विश्वास कसा काय कमी?

हे मी आज लिहितोय. पूर्वी असं लिहिलं नसतं.

माझ्या बायकोचं जुनं शास्त्र घरात आहे, बारीक टायपाचं. ती 2021 मध्ये प्रभूकडे गेली. त्यात जागोजागी तिच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. भिंग घेऊन त्या मी नव्या प्रतीत उतरवतोय, रोज दोन-तीन पानं, मुद्रितशोधन करावं तशा. ईयोबाच्या, म्हणजे लेकरं आणि मालमत्ता एका फटक्यात गमावलेल्या भल्या माणसाच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात आलो. तिथे ईयोबाची बायको त्याला म्हणते, देवाला शाप दे आणि मरून जा. उपदेशात ही बाई कायम मार खाते. समासात बायकोने दोनच शब्द लिहिले होते: "हिचीही दहा."

सात मुलगे, तीन मुली. मेली ती तिचीही लेकरं होती. चाळीस वर्षं ईयोब ऐकतोय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आमचा थोरला 1994 साली गेला, नऊ वर्षांचा. पुढच्याच रविवारी मी उपासनेत उभा राहून ईयोबाच्याच शब्दांत साक्ष दिली, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. मंडळीने वाखाणलं, पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. ती शेजारी बसली होती. नंतर दीड महिना माझ्याशी बोलली नाही आणि मी समजलो, हिचा विश्वास डळमळला. भिंग खाली ठेवून त्या दिवशी बराच वेळ बसलो. खूण उतरवली ती दुसऱ्या दिवशी.

ईयोबाचे मित्र, अलीफज, बिल्दद, सोफर, आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. शेवटी देव ईयोबाला कारण सांगतच नाही. वावटळीतून उलट त्यालाच प्रश्न विचारतो, बर्फाचे, रानगाढवांचे. पण देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या तिघांवर मात्र रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच. तो भांडणारा!

शेजारच्या खुर्चीत पाथर्डीकडच्या आजी असतात, माळकरी. अक्षर मोठं बघून म्हणाल्या, "मास्तर, मोठ्यानं वाचा की, येळ जाईल." मी मास्तर नाही, पण ते असो. ईयोब वाचून दाखवला. थोडं ऐकून म्हणाल्या, "आमचा तुका बी असाच भांडतो." नगरच्या ख्रिस्ती माणसाला हे काही नवं नाही, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक इथेच राहिले आणि ते सांगायचे, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. आजींचा आवडता भाग योहानाचा नववा अध्याय. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. वॉर्डात हा प्रश्न 'मागच्या जन्मी' लावून विचारतात, आमच्यात 'कुठलं पाप लपवलंस' लावून. आजींनी ते दोनदा वाचायला लावलं. पूर्वी डायलिसिसचा मंगळवार उजाडला की पोटात गोळा यायचा. अजूनही येतो. पण आता आधी बघतो, रबरी टोपी पिशवीत आहे ना.

एक छापखान्यातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाईंनी पुण्याकडच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं शास्त्र मराठीत केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. खिळे जुळवायलाही तिथल्याच मुली. एकुलती लेक मनोरमा 1921 च्या जुलैत गेली. बाई काम पुढे करत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या. शास्त्र छापून बाहेर आलं 1924 ला. मूल गेल्यावर ओळीवर डोळा ठरत नाही, हे मला माहीत आहे. छापखान्यात त्या वर्षी मी काय काय चुका केल्या ते मालकाला विचारा. माझी प्रत रमाबाईंच्या भाषांतराची नव्हे, पण प्रूफ म्हटलं की त्या आठवतात.

तर पाचात चार. एक कापला तो बाइंडिंगसाठी. दोन्ही हात धड असतील तर बिनधास्त घ्या, नसतील तर जुना करार आणि नवा करार वेगवेगळे मिळतात का विचारा. बिनचेनचं घ्या. आणि खुणा करायच्या तर बॉलपेन वापरू नका, पाठच्या पानावर उमटतं. एचबी पेन्सिलही या कागदाला टोचते. टूबी घ्या, हलक्या हाताने.