कोकण किनाऱ्यावरची पाण्यासाठीची रिले: पळायला एक नंबर, पाण्याबद्दल बोलायला मात्र जरा जपूनच

ज्यांना फक्त पळण्यात इंटरेस्ट आहे त्यांना आधीच सांगतो, पुढच्या वर्षी नोंदणी सुरू झाली की डोळे झाकून नाव घाला. वेसवीच्या जेटीवरून स्टार्ट, शेवट गणपतीपुळ्याला, सहा जणांची टीम, एक पळतोय आणि बाकीचे पाच गाडीत कोंबलेले, घामाचे टीशर्ट खिडकीला वाळत घातलेले. बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली करत दाभोळ, मग खाडीपलीकडे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, परत खाडी, जयगड, मालगुंड असा सगळा रूट. मुंबई-पुण्याच्या मंडळींना सागरी मार्ग म्हटलं की समुद्राच्या कडेने सपाट रस्ता वाटतो, तसं काही नाहीये. खाडीपाशी उतरायचं, परत सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, चढायचं, परत उतरायचं, केळशीहून आंजर्ल्याकडे येताना तर आमच्या टीममधल्या फुल मॅरेथॉनवाल्याने पण चालायला सुरुवात केली. सड्यावर नऊनंतर सावली नावाची गोष्ट नाही, टोपी न्या.

फेरीबोटीचा नियम त्यांनी भारी केलाय. जेटीवर पोचलात की वेळ लिहून घेतात आणि घड्याळ बंद, पलीकडे उतरलात की परत चालू, त्यामुळे बोट चुकली म्हणून रडारड नाही. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड दोन्हीकडे बोटीवर सगळ्या टीम एकत्र जमतात, म्हावरं घेऊन चाललेल्या मावश्या, दुचाकीवाले, शाळेची पोरं आणि मधे आम्ही मांड्या चोळत बसलेलो. एका मावशींनी मला विचारलं, "पैसं किती देतात पळायचं?" आम्हीच देतो म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

खाणंपिणं, इथे पूर्ण मार्क. प्लॅस्टिकची बाटली कुठेच नव्हती, प्रत्येकाने आपला मग आणायचा आणि माठातलं उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं. सोबत कोकम सरबत, मीठ घातलेली गरम पेज, आणि गुहागरच्या पुढे एका वाडीत बचत गटाच्या बायकांनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ ठेवलेली. पळताना पेजेसारखं दुसरं काही नाही हे मी आता ठामपणे सांगतो, ती गोडमिट्ट जेलची पाकिटं तशीच परत आणली. टॉयलेटची सोय मात्र बेकार, मुलींच्या टीमना फार त्रास झाला, शाळा बंद आणि चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. हे पुढच्या वेळी सुधारलंच पाहिजे. रस्त्यावरच्या खुणाही चुन्याच्या, त्या पहाटेच्या अंधारात कोणाला दिसणार?

आता मुख्य गोष्ट. या रिलेत बॅटन नाही, त्याऐवजी कमरेच्या पट्ट्यात पाणी तपासायची छोटी बाटली असते, एच टू एस वाली. प्रत्येक टप्पा एखाद्या विहिरीपाशी किंवा झऱ्यापाशी संपतो, तिथे गावातलंच कोणीतरी, बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, खुणेपर्यंत पाणी भरून देतो, बूच लावायचं आणि पुढचा पळत सुटतो. मग २४ ते ४८ तास वाट बघायची, पाणी काळं पडलं तर पाण्यात शौचातले जंतू मिसळत असल्याची शंका घ्यायची आणि तो नमुना नीट लॅबला पाठवायचा. बाटलीतल्या कागदावर लोह असतं, ते जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात आणि दोन्ही मिळून काळा साका. ना वीज लागते ना लॅब. (उन्हवऱ्यासारख्या गरम पाण्याच्या कुंडाचं पाणी भरू नका, त्यात मुळातच गंधक, बाटली जंतू नसतानाही काळी होऊ शकते.) बरेच जण घरी टीडीएस मीटर घेऊन फिरतात आणि आकडा कमी आला की पाणी शुद्ध समजतात, अहो तो मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतूंचं त्याला काहीही कळत नाही! कोकणातल्या विहिरीचा टीडीएस बहुतेक कमीच येतो आणि तेच पाणी पिऊन पावसाळ्यात अख्खी वाडी जुलाबाने आडवी होते.

आमच्या टीमच्या बाटल्यांपैकी एक दुसऱ्याच दिवशी डांबरासारखी काळी झाली. गावाचं नाव लिहीत नाही, पण त्या विहिरीवर पाटी होती, पंचायतीला हिरवं कार्ड मिळालंय म्हणून. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या जागांची पाहणी करून पंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. पण कार्ड मिळतं त्या दिवसाच्या पाहणीवर, टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर, रोज नीट पडतेय का हे रोजच बघावं लागतं. आणि आपला जांभा दगड म्हणजे भोकाभोकांचा, पाऊस पडला की पाणी सरळ खाली, मधे गाळलं जायला वेळच मिळत नाही, वरच्या अंगाला कोणाचा शोषखड्डा असेल तर तेही त्याच वाटेने विहिरीत. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात एप्रिल-मे मध्ये टँकर येतो त्याचं कारण पण हेच, पाणी थांबतच नाही. किनाऱ्यालगत विहिरी जास्त उपसल्या की पाणी मचूळ व्हायला लागतं ते वेगळंच. हे सगळं मला त्या जलसुरक्षकाने दहा मिनिटांत समजावलं, मग हातातल्या नळीत विहिरीचं पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून दाखवले, क्लोरीन असेल तर पिवळं होतं, आमच्यासमोर तरी झालं नाही आणि तो बिचारा ओशाळला. स्टेजवर भाषण करायला याला बोलवायला हवा होता.

कारण स्टेजवरची भाषणं बोगस होती. ब्रीफिंगला २००७ च्या ब्लू प्लॅनेट रनची गोष्ट सांगितली, न्यूयॉर्कहून १ जूनला निघून रिले करत दिवसरात्र पळत ९५ दिवसांत १६ देश, जवळजवळ साडेचोवीस हजार किलोमीटर, जगात स्वच्छ पाणी नसलेल्या लोकांसाठी. ऐकून अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्या रनचा मोठा प्रायोजक डाऊ केमिकल होता हे कोणी सांगितलं नाही. युनियन कार्बाइड २००१ मध्ये याच कंपनीने विकत घेतली, भोपाळच्या त्या कारखान्याभोवतीचं जमिनीखालचं पाणी दूषित आहे आणि आमची जबाबदारी नाही असं कंपनी म्हणत आली. म्हणजे ते पळणारे चुकीचे होते असं अजिबात नाही, पण पाण्यासाठी पळतोय तर गोष्ट पूर्ण सांगा ना.

आणि हेच आपल्याकडे झालं. दाभोळच्या खाडीत, बोटीवर, आमच्या हातात पत्रकं दिली, दात घासताना नळ बंद ठेवा. अरे, ज्या खाडीवर आपण तरंगतोय तिच्यात लोटे परशुरामच्या केमिकल कारखान्यांचं सांडपाणी येतं म्हणून इथले भोई आणि मच्छीमार वर्षानुवर्षं बोंबलतायत, मासे मरून वर आल्याच्या बातम्या येतात, त्यावर एक ओळ नाही? विचारलं तर उत्तर मिळालं, विषय राजकीय नको. नळ ज्याच्या घरात आठवड्यातून दोनदा येतो त्याला काय बंद ठेवायला सांगताय.

तर पळण्याला पाचपैकी साडेचार, खाण्याला पाच, जागरूकतेला अडीच, आणि त्यातले दोन त्या बाटल्यांचे. रिले जानेवारीत असते, विहिरी भरलेल्या असतात, मे मधली टंचाई पळणाऱ्याला दिसत नाही, पण मे मध्ये सड्यावर पळवलं तर माणसं मरतील, त्यामुळे यावर मी आयोजकांना दोष देणार नाही. नाव नोंदवणाऱ्यांनी एक करा, बाटल्यांचे निकाल टीमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकून विषय संपवतात, तो निकाल त्या त्या ग्रामपंचायतीला लेखी गेला का हे मेल करून विचारा. मी विचारलंय, अजून उत्तर नाही, आलं की इथेच खाली लिहितो.