मुंबई कायदे कौन्सिलावरील अभ्यासवर्ग, नौपाडा (ठाणे) : अभिप्राय

नौपाड्यातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी भरणारा हा अभ्यासवर्ग मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाचा १८६२ ते १९३७ हा, म्हणजे प्रांतिक स्वायत्तता येण्यापूर्वीचा कालखंड शिकवतो. शालेय पुस्तकांत या सभागृहाच्या वाट्याला कायद्यांची नावे आणि सनावळीच येते. त्यामुळे केवळ याच विषयासाठी ठाण्यात वर्ग चालावा, याचे मला मनापासून अप्रूप वाटले. शुल्क साधारणपणे नाटकाच्या दोन तिकिटांइतके असून छायाप्रतींचा खर्च त्यातच धरलेला आहे.

विषयाची सुरुवात योग्य ठिकाणाहून होते. १८३३च्या सनदी कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेऊन तो कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या हाती एकवटला होता, आणि १८६१च्या कायद्याने तो अंशतः परत दिला, हे आधी नीट समजावले जाते. २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली कौन्सिलाची पहिली बैठक झाली. मूळच्या मुरबाडच्या घराण्यातील जगन्नाथ शंकरशेट हे पहिल्या हिंदी सभासदांपैकी एक होते, हे सांगताच वर्गात आपुलकीची कुजबुज झाली. ठाणे जिल्ह्यात ते साहजिकच आहे. मात्र शिक्षक तेवढ्यावर भारावून जात नाहीत. या सभासदांना प्रश्न विचारता येत नव्हता, अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हते, समोर आलेल्या विधेयकापुरतेच बोलायचे होते, आणि मंजूर झालेल्या कायद्यालाही गव्हर्नर व गव्हर्नर जनरल या दोघांची संमती लागत होती, हे ते स्पष्टपणे मांडतात. १८९२च्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर चर्चेचा हक्क दिला, पण अंदाजपत्रकावर मतदानाचा दिला नाही, हा फरकही चांगला ठसतो.

वर्गाचे खरे बळ आहे ते १९०१च्या शेतसारा विधेयकावरील सत्रात. मोठ्या दुष्काळाने रयत खचलेली असताना सरकारने सारा थकल्याने जप्त झालेल्या जमिनी कुणब्याला परत देण्याचे, पण त्या विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क न देण्याचे ठरवले होते. सावकारापासून रयतेचे रक्षण, असे त्याचे समर्थन होते. वर्गात त्या चर्चेच्या कामकाजाची पाने वाटली जातात, सभासदांची भाषणे एकेकाने मोठ्याने वाचायची असतात, आणि मध्येच थांबवून शिक्षक विचारतात, ‘हा युक्तिवाद कोणाच्या बाजूचा?’ फिरोजशहा मेहता यांची सूचना सरकारी बहुमताने फेटाळली गेली, त्यानंतर त्यांनी सभात्याग केला आणि गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्यापाठोपाठ बाहेर पडले, हा प्रसंग या पद्धतीने वाचल्यावर त्यातील निकड कळते. मतांनी जिंकणे शक्यच नसलेल्या सभागृहात बोललेला शब्द कामकाजात नोंदवला जाई, वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोहोचे आणि सरकारला उत्तर देणे भाग पाडी. या कौन्सिलाचे मोल त्यातच होते, हे मला येथे उमगले.

याच्या तुलनेत १९१९नंतरचा भाग फारच घाईने उरकला जातो, आणि ही माझी मुख्य तक्रार आहे. द्विदल राज्यपद्धतीतील सोपीव (हिंदी मंत्र्यांकडे दिलेली) आणि राखीव (गव्हर्नरच्या हाती ठेवलेली) खाती तक्त्यावर दाखवून लगेच पुढे जाणे परवडणारे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव याच कौन्सिलाने संमत केला आणि सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करावेत असे ठरवले. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण प्रत्यक्षात पाणी मिळेना, आणि म्हणून मार्च १९२७चा सत्याग्रह घडला. सभागृहातला ठराव आणि तळ्याच्या पायऱ्या यांमधले हे अंतर अवघ्या काही मिनिटांत संपवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७पासून याच कौन्सिलाचे सभासद होते आणि १९२८मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे (गावकामाच्या मोबदल्यात महारांना वंशपरंपरेने मिळणाऱ्या जमीन-हक्कांविषयीचे) विधेयक येथेच मांडले, यालाही एक पूर्ण सत्र द्यायला हवे होते.

इतर बाबींत तक्रारीला फारशी जागा नाही. छायाप्रती काही ठिकाणी पुसट आहेत; मजकूर इंग्रजीत असल्याने ज्येष्ठ श्रोते अडखळतात, म्हणून मराठी सारांश आधी हाती द्यावा. वर्ग वेळेवर सुरू होतो, शंकांना पूर्ण वेळ मिळतो, आणि स्टेशनपासून चालत जाता येते. राज्यसेवेच्या परीक्षेसाठी तयार टिपणे हवी असणाऱ्यांनी येथे नाव नोंदवू नये; मूळ कामकाज वाचण्याची चिकाटी असणाऱ्यांनी मात्र जरूर नोंदवावे, आणि नोंदवताना शेवटची दोन सत्रे वाढवण्याचा आग्रह आयोजकांकडे धरावा.