यूकेच्या स्पाउस व्हिसासाठी घर: आपला फ्लॅट, शेअर्ड घरातली खोली की दादा-वहिनींकडे?

आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) हातात आहे, लग्न झालंय, एप्रिल २०२४ पासूनची २९,००० पौंडांची पगाराची अट बसतेय. उरलं घर. (ज्या वर्क व्हिसावर कुटुंब आणता येतं त्यावर असाल तर बायको डिपेंडंट म्हणून येते आणि तिला ही घराची अट लागत नाही. हे सगळं आयएलआरवाल्यांसाठी आणि ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी.)

घर मालकीचं हवं किंवा अख्खं हवं, असं अपेंडिक्स एफएममध्ये (कौटुंबिक व्हिसाच्या नियमांत) कुठेच नाही. निदान एक बेडरूम फक्त तुम्हा दोघांची असावी, तुम्ही राहायला गेल्यावर घर ओव्हरक्राउडेड ठरू नये आणि ते आरोग्याच्या नियमांत बसावं, एवढंच पाहतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक असलं तरी चालतं. म्हणजे नियमाने तिन्ही पर्याय पास. खरी अडचण येते कागद गोळा करताना.

आधी नातेवाईकांकडचा पर्याय, कारण बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा तोच येतो. भाडं वाचतं, माणसं आपली, राहू देत असल्याचं पत्र एका दिवसात मिळतं. इथे घात करतं ते गणित. इंग्लंड-वेल्समध्ये ओव्हरक्राउडिंग १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टने मोजतात. १ खोलीत २ माणसं, २ खोल्यांत ३, ३ खोल्यांत ५, ४ खोल्यांत साडेसात आणि पाचापासून पुढे खोलीमागे २. हॉल खोलीत धरतात, नेहमीचं किचन आणि बाथरूम धरत नाहीत. वर्षाच्या आतलं बाळ शून्य, १ ते १० वर्षांचं मूल अर्धं, दहावं पूर्ण झालं की अख्खं माणूस. हे झालं की क्षेत्रफळाने पुन्हा मोजायचं. खोली ११० चौरस फूट किंवा जास्त असेल तर २ माणसं, ९० ते ११० मध्ये दीड, ७० ते ९० मध्ये १, ५० ते ७० मध्ये अर्धं, ५० च्या खाली शून्य. दोन्हींतला लहान आकडा धरायचा.

समजा दादाचं टेरेस्ड घर आहे: दोन बेडरूम, एक हॉल आणि बॉक्स रूम. बेडरूम १२ बाय १० आणि ९ बाय ८, हॉल १४ बाय १२, बॉक्स रूम ७ बाय साडेसहा. बॉक्स रूम साडेपंचेचाळीस चौरस फुटांची, म्हणून हिशेबातून बाद. उरल्या ३ खोल्या, क्षमता ५. क्षेत्रफळानेही २ अधिक १ अधिक २, म्हणजे ५ च. राहणारे दादा, वहिनी, बारा वर्षांची पुतणी, आठ वर्षांचा पुतण्या आणि तुम्ही दोघं. बेरीज साडेपाच. अर्ध्या माणसाने घर गेलं. नुसतं बघून कुणी म्हणेल, सहा जण आरामात राहतील.

दुसरी मेख काउन्सिल टॅक्सची, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेच्या घरपट्टीसारख्या कराची. घरात एकटाच राहणारा नातेवाईक २५ टक्के सिंगल पर्सन डिस्काउंट घेत असेल आणि त्याच पत्त्यावर तुम्ही राहता असं अर्जात लिहिलं असेल, तर त्याचं बिलच तुमच्याविरुद्ध साक्ष देतं. आधी काउन्सिलला कळवून सवलत काढायला लावा आणि नवं बिल आल्यावरच जोडा. शिवाय तो स्वतः भाडेकरू असेल तर त्याच्या पत्राला फारसं वजन नाही, त्याच्या घरमालकाची परवानगी लागते.

शेअर्ड घरातली खोली खिशाला बरी. हाउन्स्लो, स्लाउ, हॅरोकडे एकटे राहणारे कित्येक जण अशा खोलीत असतात, तेव्हा घर बदलण्यापेक्षा आहे तिथेच बायकोला आणावं असं वाटणं साहजिक आहे. पण डबल बेड मावला म्हणून खोली डबल होत नाही. इंग्लंडमध्ये एकाहून जास्त कुटुंबांतले मिळून पाच किंवा जास्त लोक एका घरात राहत असतील तर त्या घराला एचएमओ (अनेक कुटुंबांचं सामायिक भाड्याचं घर) लायसन्स लागतं. ऑक्टोबर २०१८ पासून अशा लायसन्सवाल्या घरात एका प्रौढाला किमान ६.५१ आणि दोघांना १०.२२ चौरस मीटरची खोली हवी. लायसन्सवर खोली एकाची लिहिली असेल तर विषय तिथेच संपतो. लायसन्सचं रजिस्टर काउन्सिलकडे कुणालाही पाहता येतं, घरमालकाला विचारण्याआधी तिथे बघा.

खोली मोठी निघाली तरी पुढे पत्राचा फेरा आहे, आणि माझ्यापुरता निकाल त्यानेच लावला. एजंट म्हणतो, आधी तिचा व्हिसा आणि शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन तपासायचा कोड) दाखवा, राइट टू रेंट (भाड्याने राहण्याचा हक्क) तपासतो, मग करारात नाव घालतो. होम ऑफिसला व्हिसा देण्याआधी परवानगी दिसायला हवी. यातून वाट निघते ती अटीच्या पत्राने: ‘आमचे भाडेकरू अमुक यांच्यासोबत त्यांच्या पत्नी अमुक, पासपोर्ट क्रमांक अमुक, यांनी या पत्त्यावर राहण्यास आमची परवानगी आहे, ब्रिटनमध्ये आल्यावर त्यांची राइट टू रेंट तपासणी पूर्ण होणे आवश्यक राहील.’ हे बऱ्याच जणांना मान्य होतं. पण शेअर्ड घराच्या पत्रात आणखी भर हवी: खोल्या किती, कोणती खोली फक्त या दोघांची, बाकी राहणारे किती. बाकीच्यांबद्दल लिहून द्यायला एजंट सहसा तयार नसतात, आणि दिलंच तरी पुढच्या महिन्यात वरच्या खोलीत नवं माणूस आलेलं असतं. मग शंभर-दोनशे पौंड खर्चून सर्व्हेयरचा इन्स्पेक्शन रिपोर्ट आणायचा. तो सक्तीचा नाही, पण शेअर्ड घराला आणि भरलेल्या नातेवाइकांच्या घराला जोडलेला बरा.

एक बेडरूमच्या फ्लॅटला यातलं फारसं काही लागत नाही. बेडरूम आणि हॉल मिळून २ खोल्या, क्षमता ३, राहणारे २. स्टुडिओसुद्धा ११० चौरस फुटांच्या वर असेल तर दोघांना पुरतो. टेनन्सी अ‍ॅग्रीमेंटची सगळी पानं, काउन्सिल टॅक्सचं बिल, वरचं छोटं पत्र आणि जाहिरातीतला फ्लोअर प्लॅन एवढ्यात काम होतं. फ्लॅट घेतानाच ‘राइट टू रेंट तपासणीच्या अटीवर पत्नीला राहण्याची परवानगी’ ही ओळ करारात घालून घ्या, म्हणजे नंतर पत्रासाठी कुणाच्या मागे लागायला नको. सही करायच्या आधी एजंट ऐकतो, नंतर त्याला वेळ नसतो. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून खासगी भाडेकरार ठरावीक मुदतीचे न राहता चालू स्वरूपाचे झाल्याने, निकालाआधी करार संपण्याची जुनी धास्तीही राहत नाही.

भाडं जास्त बसतं, हे खरं. पण २९,००० ची अट ढोबळ पगारावर मोजतात, त्यातून भाडं वजा होत नाही. महाग घराने अर्ज कमकुवत होत नाही. अपवाद पीआयपी (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा सरकारी भत्ता) किंवा केअरर्स अलाउन्स (अशांची काळजी घेणाऱ्याचा भत्ता) मिळणाऱ्या स्पॉन्सरचा, म्हणजे बोलावणाऱ्या जोडीदाराचा. त्यांना पगाराच्या आकड्याऐवजी ‘अ‍ॅडिक्वेट मेंटेनन्स’ लागू होतं, तिथे घरखर्च वजा करून शिल्लक बघतात. अशांना दादाचं घर खरोखरच तारून नेऊ शकतं. ब्रिटिश पासपोर्ट असून नवरा-बायको दोघंही सध्या पुण्यात राहत असतील तर त्यांनाही तोच मार्ग सोपा, इथे आधीपासून रिकामा फ्लॅट भाड्याने अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

पर्याय कोणताही घ्या, पत्रातलं बायकोचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे हमखास पासपोर्टवर माहेरचं नाव असतं, मधे वडिलांचं नाव असतं, आणि एजंट तुमचं आडनाव बघून तिला सासरचं नाव लावून मोकळा होतो. लग्नाच्या सर्टिफिकेटवर दोन्ही नावं असतील तर निभावतं, पण पत्र पुन्हा टाइप करून घेणं जास्त सोपं.