प्रोबेटच्या नावाखाली बहिणींना लुबाडलं

यावल तालुक्यातली केळीची बाग, राहतं घर आणि पतपेढीतल्या ठेवी मागे ठेवून आमची फुई, म्हणजे आत्या, वारली. मूलबाळ नव्हतं. नोंदणीकृत मृत्युपत्रात तिनं सगळं माझ्या तिघी बहिणींच्या नावे केलं होतं आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून सासरच्या भाऊबंदकीतल्या एका निवृत्त गुरुजींना नेमलं होतं.

तेराव्यानंतर गुरुजी म्हणाले, "बेटा, कोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, आणल्याशिवाय सातबारा हलत नाही. वकील, फी, वरखर्च. तिघी मिळून दीड लाख काढा. रोखच द्या." धाकटीनं पोत मोडली. त्याचा मला आजही संताप येतो.

कारण ही मागणीच खोटी होती. हिंदू माणसाचं मृत्युपत्र इथंच झालेलं आणि मिळकतही जळगाव जिल्ह्यातली असेल, तर प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. ती भानगड 2025 पर्यंत मुंबई, चेन्नई, कोलकाता या शहरांची होती. आपल्याकडे मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज करता येतो. नोटीस निघते, कुणाची हरकत आली तर मंडळ अधिकारी सुनावणी घेतात.

विचारलं की गुरुजी सांगायचे, "वर्षभर थांबा, कायदाच आहे." हे अर्धंच खरं. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्यूपासून वर्ष होईपर्यंत वाटप करायला व्यवस्थापक बांधील नसतो. पण म्हणून त्यानं हिशेब दडवून ठेवायचा, असं कुठं लिहिलंय? केळी कापली गेली, व्यापाऱ्याची पट्टी आम्हाला कधी दिसली नाही.

शेवटी त्यांनी प्रोबेटचा अर्ज म्हणून एक टाइप केलेला कागद दाखवला. त्यावर ना कोर्टाचा शिक्का, ना दाव्याचा क्रमांक. खरा अर्ज दाखल झाला की 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक पडतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानंही प्रकरण शोधता येतं. भाच्यानं मोबाइलवर शोधलं. काहीच दाखल नव्हतं.

मग उसनवारीच्या चिठ्ठ्या पुढे आल्या. फुईनं घेतलेले पैसे फेडले म्हणे. अंत्यविधीचा खर्च, मग कर्ज, मग वाटप हा क्रम बरोबरच आहे. पण त्या चिठ्ठ्यांवर अंगठा होता. पतपेढीच्या प्रत्येक पावतीवर फुईची ठसठशीत सही आहे. ती आयुष्यात कधी अंगठा देणारी बाई नव्हती.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर पहिल्याच आठवड्यात मिळकतीची यादी लेखी मागा, पैसा वेगळ्या बँक खात्यातूनच फिरू द्या, आणि कुठल्याही कोर्टखर्चाला दाव्याचा क्रमांक हातात आल्याशिवाय रुपया देऊ नका. व्यवस्थापक मालक नसतो. त्यानं स्वतःच, किंवा दुसऱ्याच्या नावानं, मयताची मिळकत विकत घेतली तर वारसांना तो व्यवहार रद्द करून घेता येतो. आमच्या बागेवर गुरुजींच्या शालकाचा डोळा होता, हे नंतर कळलं.

वकिलाची नोटीस गेल्यावर केळीचे पैसे आले. दीड लाख अजून आलेले नाहीत. हिशेबासाठी दिवाणी दावा आणि पोलिसांत तक्रार, दोन्ही केलंय. अंगठ्याच्या चिठ्ठ्या तक्रारीला जोडल्या आहेत.