विहानच्या गर्दीत विठ्ठल मागे का?
बारशासाठी नावे सुचवणारे हे मराठी अ‍ॅप नक्षत्राच्या चरणाक्षरावरून यादी देते आणि तेवढे काम चोख करते. मात्र रोहिणी निवडताच विहान, विवान ही नावे पुढे येतात, तर वासुदेव, विनायक, विठ्ठल ‘पारंपरिक’ या कप्प्यात, तेही अर्थाविना, पडून राहतात. ही वर्गवारी शिळी वाटते. कारण १८व्या शतकातल्या मल्हारराव होळकरांचे, मुळात खंडोबाचे, ‘मल्हार’ हे नाव आज बालवाडीच्या हजेरीपटावर सहज सापडते आणि माझ्या मते यशवंत, रघुनाथ यांनाही तीच वाट मोकळी आहे. दत्तात्रयाचे तेवढे अवघड दिसते, कारण घरोघरी त्याचा ‘दत्तू’ होणार हे आईवडील आधीच ताडतात. नावाशेजारी असे हाकेचे रूपही दिले, तर अ‍ॅपला चौथा तारा आनंदाने देईन, सध्या तीनच.